होकार आधी कुणी कळवायचा?

चहा पिऊन माणूस टेबलाशी परत येतो. लॅपटॉप सुरू असतो, त्याला जोडलेला मोठा मॉनिटर मात्र काळाठिक्कर, आणि त्याच्या खालच्या कडेला एक नारिंगी दिवा. झोपला असेल, असं समजून माणूस माऊस हळूच हलवतो. काही होत नाही. मग माऊस जोरात हलतो, मग गोल फिरतो, मग टेबलावर आपटतो. पुढची पाळी कीबोर्डची. सुरुवात स्पेसबारपासून, कारण ती पट्टी निरुपद्रवी वाटते. मग एंटर, मग एस्केप, आणि शेवटी दहाही बोटं एकदम. तरीही पडदा काळाच राहिला तर पन्नाशीपुढचा माणूस मॉनिटरच्या कुशीत एक थाप मारतो आणि पंचविशीतला माणूस मोबाइलवर शोधाशोध करतो. थापेला हसू नये. जुन्या टीव्हीच्या पोटात सोल्डरचे जोड सैल झालेले असायचे. थाप बसली की ते पुन्हा टेकायचे आणि चित्र परत यायचं. तेव्हाच्या रोगावर ते रीतसर औषध होतं. आजच्या चपट्या मॉनिटरमध्ये थापेने हलण्यासारखं जवळजवळ काही उरलेलं नाही, पण हाताची सवय यंत्रापेक्षा जास्त टिकते. एवढ्यात घरातले सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं व्होल्टेज कमी-जास्त झालं असेल, कुणी म्हणतं रात्रंदिवस वापरता म्हणून तापलाय, आणि हिंजवडीत नोकरीला असलेला भाचा फोनवरून एकच वाक्य सांगतो: बंद करून चालू कर. एवढ्यासाठी का त्याला इंजिनिअर केला, असं सगळ्यांच्या मनात येतं.

या सगळ्या मंडळींत भाचा एकटाच बरोबर असतो, आणि तो का बरोबर असतो हे बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. बाकीचा सगळा उपचार चुकीच्या रोगावर चाललेला असतो. आपण धरून चालतो की कुणीतरी झोपलंय आणि त्याला हलवून उठवायचंय. पुरावा नेमका उलटा आहे. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघावं. त्याचा दिवा लागतो आणि विझतो, म्हणजे कॉम्प्युटर जागा आहे. एखादा मेसेज आला की टिंग वाजतं, म्हणजे तो नुसता जागाच नाही, कामालाही लागलाय. आता मॉनिटरकडे वळावं. त्याच्या कडेचं बटण दाबलं की तो क्षणभर उजळतो, "नो सिग्नल" अशी पाटी दाखवतो आणि पुन्हा अंधारात जातो. गाढ झोपलेला प्राणी "माझ्याकडे कुणी आलेलं नाही" असं शुद्धीत सांगत नाही. तेव्हा दोघेही जागे आहेत. एक म्हणतो समोर कुणी नाही, दुसरा म्हणतो माझ्याकडे काही येत नाही, आणि दोघांच्या मध्ये दीड मीटर केबल शांतपणे लोंबकळत असते. माझं म्हणणं एवढंच, की काळा पडदा ही झोपेची तक्रार समजू नये. ही बोलणी फिस्कटल्याची तक्रार आहे, आणि फिस्कटलेली बोलणी माऊस हलवून मार्गी लागत नाहीत.

ठरवून होणाऱ्या लग्नांत हा प्रकार महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. कांदेपोहे होतात, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असतात, दोन्ही घरांत समाधान असतं, आणि नंतरचे तीन आठवडे काहीही घडत नाही. कारण फोन कुणी करायचा हे ठरलेलं नसतं. मुलीकडचे म्हणतात, होकार मुलाकडच्यांनी कळवायचा, तशी रीतच आहे. मुलाकडचे म्हणतात, आमचा नकार कधी नव्हताच, त्यांनी एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? ज्याने स्थळ आणलं तो मध्यस्थ दोन्हीकडे "त्यांचाच फोन यायचाय" असं सांगून मोकळा होतो. यात खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येकाचं वागणं आपापल्या रीतीप्रमाणे अगदी बिनचूक असतं आणि लग्न मात्र होत नाही. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि केबल यांच्यात जे घडतं ते याहून फार वेगळं नाही. फक्त तिथे रीतिरिवाज छापील असतात, आणि वाट बघण्याची मुदत आठवड्यांऐवजी सेकंदांच्याही भागांत मोजतात.

रिवाज किती बारीक आहेत ते बघण्यासारखं आहे. एचडीएमआयच्या तोंडात १९ पिना असतात. त्यांतल्या अठराव्या पिनेवरून कॉम्प्युटर ५ व्होल्ट पाठवतो. म्हणजे आम्ही दारात आलोय. मॉनिटर एकोणिसाव्या पिनेवरून दाब वर करून उत्तर देतो; म्हणजे या, बसा. या पिनेला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात, आणि जगातले निम्मे काळे पडदे हिच्या आसपास जन्माला येत असावेत असा माझा संशय आहे. या-बसा झालं की कॉम्प्युटर पत्रिका मागतो. ही खरोखरची पत्रिका आहे. तिला ईडीआयडी म्हणतात, पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने ती १९९४ मध्ये आणली, आणि तिचा मूळ मजकूर १२८ बाइटांत बसतो. पहिले आठ बाइट सगळ्या मॉनिटरांचे तेच, आपल्या पत्रिकेच्या माथ्यावर गणपतीचं नाव असतं तसे. मग घराणं, म्हणजे कंपनीचं तीन अक्षरी चिन्ह. मग जन्म, म्हणजे कोणत्या वर्षी आणि वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला. वर्ष १९९० पासून मोजायचं. मग अंगकाठी, म्हणजे रुंदी आणि उंची, सेंटिमीटरमध्ये. मग अपेक्षा: कोणत्या मापाचं चित्र मानवेल आणि सेकंदाला किती वेळा. शेवटचा बाइट पडताळ्याचा. सगळ्या १२८ बाइटांची बेरीज केली तर तिला २५६ ने पूर्ण भाग जायला हवा, नाहीतर पत्रिका खोटी ठरते. आपल्याकडे ३६ पैकी १८ गुण जुळले तरी लग्न लागतं. इथे १२८ पैकी १२७ बाइट बरोबर येऊनही भागत नाही. एका बाइटची चूक झाली की समजूतदार कॉम्प्युटर कुठल्यातरी जाड्याभरड्या मापाचं चित्र पाठवून वेळ निभावतो आणि हट्टी कॉम्प्युटर काहीच पाठवत नाही.

हे एवढ्यावर संपत नाही. २००६ मध्ये आलेल्या डिस्प्लेपोर्टमध्ये पत्रिकेनंतर दोघांची तालीम होते. चित्र वाहून नेणाऱ्या तारांच्या चार जोड्यांवरून कॉम्प्युटर ठरावीक ठोके पाठवतो, मॉनिटर सांगतो ऐकू आलं किंवा नीट आलं नाही, मग कॉम्प्युटर दाब वाढवतो, पुन्हा विचारतो, तरी जमलं नाही तर वेग उतरवतो. आधी ताल जुळवायचा, मग स्पष्टपणा. झोपेतून उठताना बहुतेक वेळा ही सगळी तालीम पहिल्यापासून करावी लागते. आता कल्पना करा, मॉनिटर गाढ झोपेत आहे. कॉम्प्युटरला हाक ऐकू येते, तो ताडकन उठून केबलीत बोलू लागतो. मॉनिटरमधल्या छोट्या प्रोसेसरला डोळे उघडायला सेकंद-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात कॉम्प्युटरने दोनदा विचारून, उत्तर न आल्याने, समोर कुणी नाही अशी नोंद करून टाकलेली असते. मॉनिटर उठतो, कान देतो. बोलणारा गप्प झालेला. तो थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा झोपतो. त्यातून मॉनिटरमध्ये "ऑटो सोर्स" नावाची सोय चालू असेल तर बघायलाच नको. तो आपली सगळी दारं एकामागून एक तपासतो: व्हीजीए, एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन, डिस्प्लेपोर्ट. पाहुणे पुढच्या दारात उभे असताना यजमान मागच्या दारी बघून येतो, आणि तो पुढे येईपर्यंत पाहुणे रिक्षात बसलेले असतात.

इथे जुने जाणते आक्षेप घेतात: पूर्वीचे मॉनिटर बरे होते, बटण दाबलं की लागत, माऊस हलवला की उठत. हे खरं आहे आणि त्याचं कारणही सोपं आहे: त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणलं तेव्हा समोर मॉनिटर आहे की भिंत, याच्याशी कॉम्प्युटरला फारसं कर्तव्य नव्हतं. तो चित्र सोडून देई. १९९३ मध्ये व्हेसाने मॉनिटरला झोपवायची रीत ठरवली, तीसुद्धा एकतर्फी हुकमाची. व्हीजीएमध्ये चित्राच्या सोबत दोन ठोके जातात, एक आडव्या ओळींचा आणि एक उभ्या चकरेचा. दोन्ही चालू, म्हणजे जागा राहा. आडवा बंद, म्हणजे डुलकी घे. उभा बंद, म्हणजे झोप. दोन्ही बंद, म्हणजे मेल्यागत पड. ठोके परत आले की उठ. यात चर्चेला जागा नाही आणि म्हणून भांडणालाही नाही. पण या आज्ञाधारकपणाची किंमत आपण विसरतो. कॉम्प्युटरने नको तो वेग पाठवला की "आउट ऑफ रेंज" अशी पाटी यायची, आणि त्याही आधीच्या मॉनिटरांना चुकीच्या वेगाने इजा व्हायची. चित्र कधी डावीकडे सरकलेलं, कधी कडेला फुगलेलं. ते सरळ करायला मॉनिटरखाली बटणांची रांग, आणि पडद्यावर रंगांचे डाग पडले की डीगॉस नावाचं बटण, जे दाबल्यावर अख्खं टेबल "धुंम्म" असं हुंकारायचं. एवढं करून तो सतरा इंची डबा शंभराच्या आसपास वॉट खायचा आणि एकट्याने उचलला की कंबर धरायची. आज केबल जोडली की बरोबर मापाचं, बरोबर रंगाचं चित्र आपोआप येतं ते या पत्रिकेच्या कृपेने. पत्रिका बघायची म्हटली की कधीतरी ती अडणारच.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. झोपेतून उठताना एवढा त्रास आहे ना, मग झोपूच देऊ नका. सेटिंगमध्ये जाऊन "नेव्हर" निवडा आणि सुखी व्हा. अनेक जण तसंच करतात आणि वर स्क्रीनसेव्हर लावून वीज वाचवल्याचं समाधानही मिळवतात. स्क्रीनसेव्हर विजेसाठी कधीच नव्हता. जुन्या मॉनिटरच्या काचेच्या नळीच्या आत फॉस्फरचा थर असायचा. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग कायमचा उमटायचा, म्हणून चित्र हलतं ठेवायचं. १९८९ मध्ये पंख लावलेले टोस्टर पडद्यावर उडायला लागले ते त्या फॉस्फरच्या रक्षणासाठी. आजच्या एलसीडीमध्ये फॉस्फरची ती नळी नाही, पाठीमागचा दिवा आहे, आणि मासे पोहोत नाहीतर टोस्टर उडोत, तो दिवा तेवढीच वीज खातो. साधा चोवीस इंची मॉनिटर चालू असताना २५ वॉटच्या आसपास घेतो असं धरू. दिवसातले १४ तास तो उगाच जळत राहिला तर वर्षाला साधारण १२८ युनिट होतात. झोपलेला असेल आणि अर्धा वॉट घेत असेल तर त्याच तासांचे अडीच युनिट. शंभर मॉनिटरांच्या ऑफिसात हा फरक साडेबारा हजार युनिटांचा आहे. घरातला एक मॉनिटर जागता ठेवल्याने महावितरण गडगंज होणार नाही हे मान्य, पण झोप ही चैन आहे असं म्हणणाऱ्याने आपलं बिल एकदा उलटं करून वाचावं.

आणि गंमत अशी की भांडणाचं मूळ त्या अर्ध्या वॉटमध्येच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टारची चांदणी काढली ती आधी कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्यासाठीच. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मोहीम काढली की नुसत्या बसून राहिलेल्या कुठल्याही उपकरणाने एका वॉटच्या वर खाऊ नये. युरोपने २०१३ पासून ती मर्यादा बहुतेक घरगुती आणि ऑफिसच्या उपकरणांसाठी अर्ध्या वॉटवर आणली. हेतू उत्तम, परिणामही उत्तम. पण मॉनिटरच्या बाजूने विचार करा. त्याला सांगितलंय की झोप, पण हाक आली की लगेच उठ, आणि या जागत्या झोपेसाठी तुला अर्धा वॉट मिळेल. मग तो काय करणार? दिवा विझवतो, चित्र जुळवणारी चिप विझवतो, आणि फार काटकसरी असेल तर दारावरची ती हॉट प्लगची खूणही खाली पाडतो. काही मॉनिटरांच्या मेनूत यालाच "डीप स्लीप" म्हणतात, आणि ते बंद करण्याची सोयही तिथेच, चार पायऱ्या खाली, लपवून ठेवलेली असते. खूण खाली पडली की कॉम्प्युटरच्या दृष्टीने मॉनिटर झोपलेला नाही, घर सोडून गेलेला आहे. मग तो मोठ्या पडद्यावर मांडलेल्या सगळ्या खिडक्या उचलून लॅपटॉपच्या चौदा इंचांत कोंबतो. मॉनिटर परत आला तरी त्या तिथेच, एकावर एक. ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक होती की विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची खास सोय दिली. माहेरी गेलेलं माणूस परत येणार आहे, हे समजायला सॉफ्टवेअरला बरीच वर्षं लागली.

आता भाच्याकडे वळू, कारण सगळ्यात जोरदार आक्षेप त्याच्यावर आहे. बंद करून चालू करणं हा उपाय आहे की कबुली? कारण न शोधता सगळंच पुसून टाकायचं, याला निदान म्हणत नाहीत, असं शिकलेले लोक म्हणतात. त्यांनी यशस्वी आणि अयशस्वी उपाय जरा समोरासमोर मांडून बघावेत. माऊस, स्पेसबार, थाप, विनवणी: यातल्या कशानेही बोलणी पहिल्यापासून सुरू होत नाहीत, आणि यातलं काहीही चालत नाही. उलट केबल काढून पुन्हा लावली की पडदा लागतो. हॉट प्लगची पिन सुटते, पुन्हा जोडली जाते, कॉम्प्युटरला नवा पाहुणा दिसतो. मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट स्वतः निवडलं की कधी कधी लागतो. दार शोधत फिरणं थांबतं. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की पडदा लुकलुकतो, एक बीप वाजते आणि चित्र येतं; ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू झालेला असतो. विंडोज आणि पी दाबून चित्र कुठे पाठवायचं ते पुन्हा निवडलं तरी काही वेळा जमतं. वरवर पाहता चार निरनिराळे तोडगे, पण चारही जण एकच गोष्ट करतात: झालं गेलं विसरून पुन्हा पहिला फोन करायला लावतात. भाच्याचा उपाय हे याचंच सगळ्यात पूर्ण रूप आहे. लग्नाच्या बोलण्यांतही मध्यस्थ शहाणा असला तर कोण चुकलं हे शोधत बसत नाही. नवीन तारीख घेऊन दोघांना पुन्हा समोर बसवतो.

फक्त "बंद" करण्यात बहुतेकांची चूक होते. मॉनिटरच्या कडेचं बटण हा स्विच नसतो, ती नुसती विनंती असते. ते दाबल्यावर मॉनिटरचा छोटा प्रोसेसर ठरवतो की बरं, दिवा विझवू. तो स्वतः जागाच राहतो, कारण बटण पुन्हा दाबलं तर ऐकणार कोण? म्हणजे ज्याच्या डोक्यात गैरसमज बसलाय तोच कारभार बघत राहतो. खरं बंद करायचं तर भिंतीवर करावं. आणि इथे भारतीय घर अमेरिकन घराच्या पुढे आहे. तिकडच्या भिंतीतल्या सॉकेटला सहसा बटण नसतं, टेबलाखाली वाकून प्लग उपटावा लागतो. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असतं, जरी ते नेमकं कपाटामागे गेलेलं असलं तरी. ते बंद केल्यावर नारिंगी दिवा लगेच विझत नाही, काही सेकंद रेंगाळतो. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायची असते. दिवा विझायच्या आत पुन्हा बटण दाबणारे उतावळे लोकच नंतर सांगतात की बंद-चालूने काही फरक पडला नाही. पुरतं अर्धं मिनिट थांबावं. आणि केबलही काढावी, कारण अनेक मॉनिटरांत ती पत्रिकेची चिप कॉम्प्युटरकडून येणाऱ्या त्या ५ व्होल्टवर जिवंत राहते. भिंतीवरचं बटण तिच्यापर्यंत पोचत नाही. यूपीएस वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, भिंतीवरचं बटण बंद केल्याने तिथे काहीच बंद होत नाही. प्लग यूपीएसमधूनच काढावा लागतो.

केबलविषयी दोन शब्द, कारण मध्यस्थावर कुणी संशय घेत नाही. डिस्प्लेपोर्टच्या केबलीत विसावी पिन दोन टोकांना जोडायची नाही असा नियम आहे, कारण त्या पिनेवर दोन्हीकडे ३.३ व्होल्ट असतात. स्वस्त केबलींमध्ये ती जोडलेली सापडते. मग मॉनिटरची वीज बंद असलेल्या कॉम्प्युटरमध्ये शिरते आणि न उठण्यापासून न झोपण्यापर्यंत वाटेल ते प्रकार घडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदार सोनेरी मुलाम्याची केबल पुढे करील. मुलाम्याने चित्र उजळत नाही; मुंबईच्या दमट हवेत पिना गंजत नाहीत, एवढा त्याचा उपयोग आणि तेवढीच त्याची किंमत द्यावी. लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्यामध्ये यूएसबी-सीचा डॉक असेल तर मध्यस्थाने आणखी एक मध्यस्थ गाठलाय असं समजावं. त्या डॉकचा स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःचं सॉफ्टवेअर असतं आणि स्वतःचा रुसवाही. चाचणी करायची तर आधी त्याला बाजूला करून सरळ केबल जोडून बघावी.

तरीही कुणी विचारील की चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात पडदा उठवता येत नाही? यान उतरवताना सगळी यंत्रणा एकाच संस्थेच्या हाताखाली असते. तुमच्या टेबलावर ग्राफिक्स चिप एकाची, ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्याची, मॉनिटर तिसऱ्याचा आणि केबल कुणाची ते केबलवरही लिहिलेलं नसतं. प्रत्येकाने आपली वस्तू आपल्या प्रयोगशाळेत तपासलेली असते आणि ती तिथे पास झालेली असते. म्हणून मॉनिटरवाल्यांना फोन केला की ते दुसरा कॉम्प्युटर लावून बघायला सांगतात, कॉम्प्युटरवाल्यांना केला की ते दुसरा मॉनिटर लावून बघायला सांगतात, आणि तिसऱ्या घरून मॉनिटर आणून लावला की सगळं सुरळीत चालतं. दोन्ही कंपन्या हे स्वतःच्या निर्दोषपणाचं प्रमाणपत्र समजतात. ज्या दोघांचं जमत नाही, त्या दोघांनाच एकत्र बसवून बघण्याची जबाबदारी कुणाच्याच करारात नसते. ती शेवटी गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. प्रत्येक काळा पडदा बोलण्यांचा नसतो. कधी कधी मॉनिटर खरोखरच गेलेला असतो. तो दर महिन्याला लागायला जरा जास्त वेळ घेत असेल, लागून लगेच विझत असेल, तर वीजपुरवठ्याच्या पाटीवरचे कपॅसिटर फुगले असण्याची शक्यता मोठी. त्याचं मागचं झाकण घरी उघडू नये, आत बंद केल्यानंतरही झटका देण्याइतकी वीज असू शकते. ओळखायची खूणही सोपी आहे. भिंतीवरचं बटण बंद करून, केबल काढून, अर्धं मिनिट थांबून सगळं पुन्हा जोडा. तरीही काळाच राहिला तर खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी मारा. त्या उजेडात खिडक्या आणि अक्षरं अंधूक दिसली तर बोलणी सुरळीत पार पडलेली आहेत, चित्र आलेलं आहे, फक्त मागचा दिवा गेलाय. ते काम दुरुस्तीच्या दुकानाचं. टॉर्चमध्येही काहीच दिसलं नाही, तर नवा मॉनिटर घ्यायच्या आधी एक नवी केबल घेऊन बघा. ती बरीच स्वस्त पडते.